जिन्याच्या जागी चूल

भांडुपला त्या काळी एखाद्याला चारचौघांत ‘बिल्डर’ म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं होतं. लवू घाडींनी मात्र तो शब्द कार्डावर छापून घेतला होता. ‘लवू गंगाराम घाडी, बिल्डर’, आणि खाली पत्ता, ‘विमला टी स्टॉलच्या मागे’. कार्ड देताना ते समोरच्याचं तोंड निरखून पाहायचे. माणूस दचकला की खूश व्हायचे.

“घाबरू नका,” म्हणायचे, “मी त्यातलो न्हय.”

ते त्यातले नाहीत हे दिसायलाही दिसायचं. अंगात हाफ शर्ट, पायात झिजलेल्या चपला आणि हातात डालडाचा जुना डबा. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली, आत पांढरी फक्की. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेषा मारतात ना, तीच. हा डबा म्हणजे त्यांचं ऑफिस.

मी तेव्हा मुलुंडला चंद्रप्रकाश सामंत नावाच्या आर्किटेक्टकडे नकाशे काढायला होतो. कराडच्या आयटीआयचा दाखला आणि सुवाच्य अक्षर एवढ्या भांडवलावर मुंबईत आलो होतो. सामंतसाहेबांनी मला लवूभाऊंच्या कामावर लावलं, आणि लवूभाऊंनी पहिल्याच दिवशी माझं बारसं करून टाकलं. “कराडकर,” ते म्हणाले, “तुझो कागद गुंडाळून ठेव. कागदार कोण झोपणा नाय.”

मग त्यांनी डबा हलवत नाहूरच्या प्लॉटच्या मोकळ्या भागात फिरायला सुरुवात केली. बघता बघता जमिनीवर अख्खा फ्लॅट उमटला. पूर्ण मापाचा, भिंती, दारं, मोरी सगळं. ज्यांनी जागा बुक केली होती त्या भिकाजी राणेंना त्यांनी फर्मावलं, “झोप बघू.”

भिकाजी पूर्वी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, उंच आणि हाडापेराने मोठे. ते फक्कीच्या बेडरूममध्ये धोतर सावरत आडवे झाले. पाय भिंतीच्या रेषेबाहेर गेले.

“पाय शेजाऱ्याकडे जातत,” लवूभाऊ म्हणाले. “कराडकर, ही खोली सहा इंच वाढव.”

“मोरी कमी होईल मग.”

“होवंदे. मोरीत कोण आडवो होता?”

भिकाजींची बायको शेवंती फक्कीच्या स्वयंपाकघरात उभी राहून नसलेल्या ओट्यावर नसलेली पोळी लाटत होती, आणि कोपर भिंतीला लागतं का बघत होती. मी ते सगळं नकाशात उतरवून घेतलं. आयटीआयमध्ये असलं काही शिकवलेलं नव्हतं, पण परत आलो तेव्हा सामंतसाहेबांना एकही चूक सापडली नाही. त्याचा त्यांना राग आला.

ही विद्या लवूभाऊ लालबागला शिकले. तिथे त्यांच्या गावच्या मंडळाची एक खोली होती, दहा बाय पंधराची, आणि राहायला माणसं बावीस. सगळे गिरणीतले. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या अंथरुणात तिसऱ्या पाळीचा शिरायचा. कुणाची ट्रंक कुठे, कुणाची वळकटी कुणावर, घोरणारे कुठल्या भिंतीला, या सगळ्याचे कारभारी लवूभाऊ. एकदा गावाहून तेविसावा माणूस आला. सगळे म्हणाले, आता जागा नाही. लवूभाऊंनी सुतार बोलावून दार बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं, आणि आत दार उघडायला जी जागा लागायची तिथे तेविसावा झोपला. पुढे अकरा वर्षं तो तिथेच झोपत होता.

ब्याऐंशी साली संप झाला आणि गिरणीचं दार बंद झालं. ते काही फिरवून घेता येईना. लवूभाऊ मेहुण्याबरोबर मुलुंडला प्लास्टरच्या कामावर जायला लागले. भिंती लिंपता लिंपता त्यांच्या लक्षात आलं की, ज्यांनी त्या बांधल्या त्यांना आत माणूस कसा वावरतो याची काही कल्पना नाही. दोन वर्षांत त्यांनी टेंभीपाड्याच्या चढावर आठ बिऱ्हाडांची एक बिल्डिंग उभी केली. राहायला आले ते सगळे खोलीतलेच. तेविसावा माणूस पहिला. आता तो दार आतल्या बाजूला उघडणाऱ्या घरात राहतो, आणि पाहुणा आला की दोन-तीनदा उघडून दाखवतो.

नाहूरची बिल्डिंग त्यांची दुसरी. नाहूरला तेव्हा स्टेशन नव्हतं. भांडुपला नाहीतर मुलुंडला उतरायचं आणि चालत सुटायचं. पलीकडे खाडी. प्लॉटच्या बरोबर मधोमध सोनूबाईंचं कौलारू घर होतं. सोनूबाई कोळीण. माहेर खारदांड्याचं, सासर खाडीकाठचं. मुलुंडच्या बाजारात मासळी विकायला बसायच्या, आणि गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायच्या. घर गळायला लागलं होतं, म्हणून त्यांनी जागा लवूभाऊंना दिली. बोली अशी की तळमजल्यावरचं एक घर त्यांचं. उरलेली पंधरा घरं संपातून उठलेल्या पंधरा मालवणी कुटुंबांची, आणि त्यांतलंच एक लवूभाऊंचं स्वतःचं.

स्वतःचं म्हणजे खरं तर त्यांची बायको सुगंधावहिनींचं. अठरा वर्षं वहिनी खिडकी नसलेल्या एका भाड्याच्या खोलीत राहिल्या होत्या. नवऱ्याने दुसऱ्यांना घरं बांधून दिली तेव्हाही काही बोलल्या नाहीत. या वेळी म्हणाल्या, “माका फकत एक गॅलरी व्हयी. उगवतीक. बाकी काय्येक करा.” म्हणून पूर्वेच्या बाजूला वरच्या तीन मजल्यांवर दोन-दोन गॅलऱ्या काढल्या. दुसऱ्या मजल्यावरची सुगंधावहिनींची, पहिल्या मजल्यावरची शेवंती-भिकाजींची. जिना बिल्डिंगच्या बरोबर मध्यात. नकाशा मंजूर झाला. पालिकेची परवानगी एका वर्षाची, तेवढ्यात जोतं जमिनीच्या वर आलं पाहिजे, नाहीतर परवानगी रद्द आणि पुन्हा सगळी टेबलं पहिल्यापासून.

वर्षातले दहा महिने सोनूबाईंच्या दिरांच्या सह्या गोळा करण्यात आणि सिमेंटची वाट पाहण्यात गेले. शाऐंशीच्या जानेवारीत एकदाचं भूमिपूजन ठरलं.

मी कराडचा. आमच्याकडे भूमिपूजन म्हणजे भटजी, कुदळ आणि पेढे. इथे भटजी निघून गेल्यावर खरा कार्यक्रम सुरू झाला. गाऱ्हाणं. म्हणजे जागेचा जो रखवालदार देव, त्याला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने सांगणं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरणं. घाडी घराण्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या. लवूभाऊंनी नारळ पुढे ठेवला, डोळे मिटले आणि आवाज चढवला.

“बा देवा म्हाराजा! हय्या जाग्येच्या रखवालदारा!”

“व्हय म्हाराजा!” पन्नास आवाज एकदम. सर्वांत मोठा भिकाजींचा.

“आज ही तुझी लेकरां हयसर जमली हत! त्येंच्या डोक्यार छप्पर येवंदे!”

“व्हय म्हाराजा!”

“सिमेंट टायमार येवंदे! पालिकेच्या सायबाक सुबुद्धी येवंदे!”

इथे ‘व्हय म्हाराजा’ इतक्या मनापासून आलं की सोनूबाईंच्या कौलांवरचे कावळे उडाले. लवूभाऊंना आता रंग चढला होता. आधी जोडून ठेवलेलं संपलं होतं आणि जिभेला ब्रेक नव्हता.

“आणि ज्या सोनूबायन ही जागा दिल्यान, तिची चूल जयसर आसा थयसरच ऱ्हवतली! एक तसू हलूची नाय!”

“व्हय म्हाराजा!!”

मी शेजारी उभ्या असलेल्या सामंतसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाच माहीत होतं की सोनूबाईंची चूल जिथे होती तिथे नकाशात जिना होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि जिन्यावर बोट आपटलं. “घाडी, ही तुमची चूल. पहिल्या पायरीखाली. आता तो शब्द मागे घ्या.”

“शब्द मागे घेवक काय झाला? सोनूबायक इचारतंय,” लवूभाऊ म्हणाले. पण चेहरा उतरला होता.

आम्ही सोनूबाईंकडे गेलो. त्या दारात बसून बोंबील निवडत होत्या. ऐकून हसायलाच लागल्या.

“अरे माज्या बाबा, दोन हात हिकरं काय नि तिकरं काय! मना काय तरास नाय. तुजा जिना बांद.”

मला वाटलं, मिटलं. साहेबांना फोनही केला. पण संध्याकाळी विमला टी स्टॉलवर पंधरा कुटुंबांचे कर्ते पुरुष येऊन बसले होते. पुढारी भिकाजी.

“लवू, तिना सोडल्यान,” भिकाजी म्हणाले, “पण रखवालदारान सोडल्यान काय?”

“अरे भिकाजी, तिचीच चूल ना?”

“चूल तिची. शबूद तुझो. आणि व्हय आमी म्हटलाव. पन्नास माणसांनी! आता जिन्यावरसून खाली-वर करताना आमच्या पोरांका कायव झाला, तर कोणाक इचारायचा?”

“बरोबर,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमी नाय त्या जिन्यार पाय ठेवणार.”

“मग वर कशे जातलास? दोरीन?”

“तां तू बघ. तू बिल्डर.”

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, “पालिकेत सुधारित नकाशा देता येतो. तसं देवाला सुधारित गाऱ्हाणं घालता येत नाही का?”

सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मला वाटलं, तोडगा पटला. मग भिकाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “खयचो रे ह्यो?”

“कराडचो,” लवूभाऊ ओशाळून म्हणाले.

“तरीच.”

दुसरा कोणी बिल्डर असता तर त्याने हसून जिना बांधला असता. लवूभाऊंचं तसं नव्हतं. त्यांना स्वतःलाच ते वाक्य टोचत होतं. मला एकदा म्हणाले, “कराडकर, ह्या धंद्यात लोकांचो इस्वास कागदार नाय बसणा. कागद सगळेच दाखवतत. हे लोक माझ्या तोंडार येवन बसले. तोंड फिरवलंय तर मी त्यातलोच झालंय.” भोवती इतकी माणसं असूनही ते त्या वेळी अगदी एकटे दिसत होते.

फेब्रुवारी अर्धा संपला. सामंतसाहेबांनी सांगून टाकलं, सुधारित नकाशा मंजूर व्हायला पंधरा दिवस लागतील, तेव्हा येत्या सोमवारी एकतर नवा नकाशा त्यांच्या टेबलावर नाहीतर जुन्यावर खोदकाम. नाहीतर जोतं वेळेत येत नाही, परवानगी जाते आणि पंधरा कुटुंबांची वाट लागते. जिना मध्यातून काढायचा तर तो जाणार एकाच जागी, बिल्डिंगच्या बाहेरच्या अंगाला, पूर्वेला. बाकी तिन्ही बाजूंना नियमाने सोडायची जागा जेमतेम होती. आणि पूर्वेला होत्या गॅलऱ्या.

रविवारी सकाळी लवूभाऊंनी सगळ्यांना प्लॉटवर बोलावलं आणि डबा हातात घेतला. सोनूबाईंच्या घराभोवती त्यांनी चारही मजल्यांना लागू पडेल असा नवा आराखडा आखला. मध्ये जिन्याऐवजी अरुंद बोळ. चूल आता सोनूबाईंच्या होणाऱ्या स्वयंपाकघरात येत होती, ओट्याच्या बरोबर जागी. लोकांनी वाहवा केली. भिकाजींनी चुलीच्या दिशेने हातही जोडले. मग लवूभाऊ पूर्वेला गेले आणि तिथे जिन्याच्या पायऱ्या आखायला लागले.

“आणि माझी गॅलरी खय गेली?”

सुगंधावहिनी होत्या. हातात भाजीची पिशवी. लवूभाऊ डब्यात फक्की भरायला बसले. डबा काठोकाठ भरलेला होता, तरी भरत होते. अख्ख्या मालवणी समाजासमोर त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं, पण ही एक गोष्ट बायकोला घरात सांगायचं त्यांना आठवडाभर जमलं नव्हतं.

“शेवंतेचीव गेली,” ते डब्यात बघत म्हणाले. “सहाव गेल्यो.”

आता शेवंती नवऱ्याकडे वळली. भिकाजींचा आवाज एकदम खाली आला. “सोनूबाय तशी समजूतदार,” ते म्हणाले. “ती सोडता म्हणता, तर रखवालदारव काय… म्हणजे ह्यो कराडकर बोललो होतो तां तसा चुकीचा नव्हता…”

“आता!” सुगंधावहिनी त्यांच्यावर कडाडल्या. “त्या दिवशी सगळ्यांत मोठो आवाज कोणाचो व्हतो? गॅलरी माझी गेली तोपर्यंत म्हाराजा व्हतो, तुमची जाता म्हटल्यार म्हाराजा समजूतदार झालो?”

पोरं फिसफिसली. सोनूबाई दारातून म्हणाल्या, “बाये, तू नको दुखी होव. मी सांगतंव त्याना, बांदा तिकरंच.”

“तुमी गप बसा हो,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या चुलीसाठी नाय. ह्येच्या तोंडासाठी चल्ला हा सगळा.”

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि फक्कीच्या रेषा ओलांडून आत गेल्या. आपल्या न झालेल्या घराच्या दारात उभ्या राहिल्या. तिथून आखलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं. जिना अर्ध्यावर वळतो तिथे आणि वर मजल्याला लागतो तिथे लवूभाऊंनी दोन छोटे चौकोन काढले होते, पाय टेकण्यापुरते. वहिनी मजल्यावरच्या चौकोनात मांडी घालून बसल्या. पूर्वेकडे तोंड. उन्हं बरोबर अंगावर आली. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग हाक आली.

“शेवंते, इकडे येवन बस.”

शेवंती आली. दोघींचे गुडघे रेषेबाहेर. वहिनींनी बसल्या बसल्या टाचेने फक्की पुसली आणि चौकोन तीन फूट पुढे सरकवला. मग बाजूला दोन फूट. “आता तू, गे,” म्हणून तिसरीला बोलावलं. तिसरी बसली, चौथीला जागा उरली.

“ह्यां एवढा व्हयां,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “प्रत्येक माळ्यार. बाजून कठडो, बसूक कट्टो. वर छप्पर, समोर उघडा. गॅलरीत मी एकटी बसतलंय आणि बाजूच्या गॅलरीत शेवंता, मधी भिंत. हयसर आमी सगळ्यो बसतलों.”

“आणि जिना?”

“जिना जावंदे मागसून. जिन्यान काय आमका धक्को मारूचो आसा?”

लवूभाऊ उठले आणि डबा घेऊन बायकोच्या टाचेच्या रेषेवरून फक्की मारत गेले. एक बोटभरही सरळ केली नाही. मी माप घेतलं. नऊ फूट बाय अकरा. रेष थोडी वाकडी होती. मी तेवढी कागदावर सरळ केली. बिल्डिंगमध्ये माझं योगदान एवढंच.

सोमवारी सामंतसाहेबांनी नकाशा उलटसुलट तपासला. उघडा जिना, हवा, उजेड. नियमात कुठेच अडत नव्हता.

“हे कुणाचं डिझाइन?”

“सुगंधावहिनींचं.”

“शिक्षण?”

“सातवी.”

साहेबांनी सही केली. पुढे त्यांनी तसलाच उघडा जिना घाटकोपरच्या दोन बिल्डिंगांना काढला, आणि तिथे कुणाचं डिझाइन हे कुणी विचारलं नाही.

घर पाडायच्या दिवशी चूल सोनूबाईंनी स्वतःच्या हाताने मोडली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. जाग्यावर लवूभाऊंनी लोखंडी सळई ठोकली आणि वर लाल फडकं बांधलं. गवंडी त्या सळईला घाबरून वळसा घालून चालायचे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पालिकेचा इन्स्पेक्टर आला तेव्हा जोतं गुडघाभर वर आलं होतं. त्याने विचारलं, “हे फडकं कसलं?”

“चूल आसा,” भिकाजी म्हणाले.

“कुठे?”

“येतली.”

त्याने जास्त चौकशी केली नाही. नाहूरच्या उन्हात फार वेळ उभं राहवत नाही.

सत्त्याऐंशीच्या दसऱ्याला लोक राहायला आले. सोनूबाईंनी त्याच जागी नवी चूल मांडली, एकदा भात शिजवला, सगळ्यांना घास घास दिला आणि आठवड्यात गॅसची शेगडी आणली. भिकाजी हबकले. सोनूबाई म्हणाल्या, “चालीस वर्सं धुरान माजे डोले गेले. जागा तीच हाय ना? मंग?” यावर बैठक बसली, आणि जागा तीच आहे असं ठरलं. जिन्याऐवजी अरुंद बोळ आल्याने पश्चिमेच्या लोकांची स्वयंपाकघरं फुकटात मोठी झाली होती. त्याची त्यांना लाज वाटून त्यांनी पूर्वेच्या कट्ट्यांवर लाद्या बसवून दिल्या. सकाळी दहाच्या सुमाराला गेलात तर जिन्याने वर जाणं मुश्कील. प्रत्येक मजल्यावर चार बायका, एक सूप, आणि वर जाणाऱ्याची पूर्ण चौकशी.

त्या जिन्याचा बोभाटा खाडीकाठच्या सगळ्या पाड्यांत झाला. कागद दाखवणारे बिल्डर रोज दारात उभे राहायचे, त्यांना चहासुद्धा न देणारी माणसं लवूभाऊंचा पत्ता विचारत यायला लागली. एकदा असेच एक हरेश्वर म्हणून म्हातारे कोळी कांजूरहून आले. आम्ही जिन्याच्या कट्ट्यावरच बसलो होतो. त्यांनी कार्ड हातात घेतलं, ‘बिल्डर’ वाचलं आणि दचकले नाहीत.

“माज्या जाग्यान एक हीर हाय,” ते म्हणाले. “वडलांनी खनलेली. ती बुजवाची नाय. तू बोलला की तसा करतंस, आसा ऐकलाय.”

लवूभाऊंनी छाती भरून घेतली. डोळे अर्धे मिटले. आवाज चढणार हे मला कळलं, आणि त्यांच्याही आधी वहिनींना कळलं.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “आधी कराडकराक जावंदे. हीर खय आसा ती बघून येवंदे. मगे काय बोलूचा तां बोला.”

लवूभाऊंनी तोंड मिटलं. मी टेप घेऊन उठलो.